वाचकांचे प्रश्न : तलावकाठच्या नगराची क्षेत्रविभागणी आणि भूखंडांचे नियम

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांतील बराच भाग एकाच विषयाचा आहे. तलावाकाठी वसलेल्या एखाद्या लहान नगराने क्षेत्रविभागणीचे, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचे, आणि पोटविभाजनाचे, म्हणजे मोठ्या जमिनीचे भूखंड कसे पाडावेत याचे जुने नियम नव्याने लिहायला घेतले, तर काय तपासावे, असे समिती सदस्यांनी, जमीनमालकांनी आणि रहिवाशांनी विचारले आहे. कायदे देशागणिक आणि राज्यागणिक वेगळे असतात. म्हणून उत्तरांत भर तत्त्वांवर आहे. जिथे आकडा दिला आहे तिथे तो कुठला हेही सांगितले आहे. तो जसाच्या तसा उचलू नये.

प्रश्न : नगराच्या नियोजन समितीवर मी नव्याने आले आहे. क्षेत्रविभागणीचे आणि भूखंड पाडण्याचे नियम आमच्याकडे दोन वेगळ्या पुस्तिकांत असून दोन्ही फार जुने आहेत. दोन्हींना एकदम हात घालण्याइतका निधी नाही. आधी क्षेत्रनकाशा सुधारावा असे बहुतेक सदस्यांचे मत आहे. ते योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. निधी एकाच पुस्तिकेपुरता असेल, तर तो भूखंड पाडण्याच्या नियमांवर खर्च करावा.

या दोन पुस्तिका वेगळ्या का, याला इतिहास आहे. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी दोन नमुना कायदे तयार केले. क्षेत्रविभागणीचा मसुदा सुधारून १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भूखंड पाडण्यावरील नियंत्रण १९२८ च्या नगरनियोजनाच्या मसुद्यात आले. १९२६ मध्येच तेथील सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड या लहान गावाच्या खटल्यात क्षेत्रविभागणी वैध ठरवली, आणि पुढे सगळी चर्चा, सगळे वाद आणि सगळा उत्साह रंगीत नकाशाभोवतीच फिरत राहिला. नकाशा भिंतीवर लावता येतो आणि त्यावर बोट ठेवून भांडता येते. भूखंडाच्या रुंदीचे कलम मात्र कोणी भिंतीवर लावत नाही.

परंतु टिकाऊपणाचा विचार केला तर क्रम उलटा लागतो. जमिनीचा वापर काही वर्षांत बदलू शकतो आणि इमारत काही दशकांनी पाडली जाते. पण एकदा जमिनीचे वीस तुकडे होऊन ते वीस मालकांना विकले गेले, त्यांच्यामध्ये रस्ता, गटार आणि विजेचे खांब आले, की त्या सीमारेषा पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुढे तुम्ही त्या भागाचा रंग बदललात तरी तलावाला लागलेले वीस अरुंद भूखंड वीसच राहणार, आणि प्रत्येक मालक आपल्या भूखंडावर निदान एक घर तरी मागणारच. चुकलेला क्षेत्रनकाशा दुरुस्त करता येतो. चुकीचे पाडलेले भूखंड एकत्र करायचे तर प्रत्येक मालकाची संमती किंवा भरपाईचा पैसा लागतो, आणि लहान नगराकडे यातले काहीच नसते.

आता प्रत्यक्ष काय लिहावे ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे तलावालगतच्या भूखंडासाठी किमान क्षेत्रफळाबरोबर पाण्याच्या बाजूची किमान रुंदीही सांगावी. केवळ क्षेत्रफळ सांगितले तर विकासक काठावर अरुंद आणि मागे लांबच लांब पट्टे पाडतो; कागदावर नियम पाळला जातो आणि काठावर घरांची दाटी तशीच होते. दुसरी गोष्ट सांडपाण्याची. जिथे सार्वजनिक मलवाहिनी नाही तिथे सेप्टिक टाकी आणि शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतून येणारे पाणी जिथे जमिनीत मुरते ती जागा, यांना पुरेल अशी माती, पुरेशी जागा आणि भूजलाची पुरेशी खोली प्रत्येक भूखंडात आहे की नाही, याची चाचणी भूखंड मंजूर होण्यापूर्वी व्हावी. ही चाचणी घराच्या परवानगीच्या वेळी घेण्याची पद्धत मला फार अन्यायकारक वाटते, कारण तोपर्यंत विकासक पैसे घेऊन निघून गेलेला असतो आणि निरुपयोगी जमीन एखाद्या साध्या कुटुंबाच्या गळ्यात पडलेली असते. पहिले शोषक्षेत्र कालांतराने निकामी होते, म्हणून दुसऱ्यासाठीची राखीव जागाही त्याच वेळी आराखड्यावर दाखवून घ्यावी.

तिसरी गोष्ट उताराची आणि पावसाच्या पाण्याची. नव्या वसाहतीतील रस्ता उतारावरून सरळ तलावाकडे उतरत असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात सगळा गाळ तलावात जातो. रस्त्याची दिशा, पाणी मुरवण्याची जागा आणि बांधकाम चालू असतानाची धूपरोधक व्यवस्था या तिन्ही बाबी भूखंडांच्या आराखड्याबरोबरच मंजूर व्हाव्यात.

आणि सूटीची कलमे डोळ्यांत तेल घालून वाचावीत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १९७२ मध्ये पोटविभाजनावर नियंत्रण आणले. पण ३५ एकर किंवा त्याहून मोठे तुकडे त्या व्याख्येबाहेर ठेवले, आणि साहजिकच ३५-३५ एकरांचे तुकडे पडू लागले. मेन राज्यात ५ वर्षांच्या काळात जमिनीचे ३ किंवा अधिक भूखंड झाले तर ते पोटविभाजन ठरते. तिथे काळाची अट आहे म्हणून दरवर्षी एक तुकडा विकून नियमाला बगल देणे कठीण होते. तुमच्या जुन्या पुस्तिकेत ‘एक-दोन भूखंड पाडायला परवानगी घेण्याची गरज नाही’ अशी सूट असेल आणि तिला कालमर्यादा नसेल, तर सगळी दुरुस्ती बाजूला ठेवून आधी तेवढे कलम बदलावे.

निधी न लागणारे एक कामही सुचवतो. दोन्ही पुस्तिकांतील व्याख्या शेजारी शेजारी मांडून पाहा. ‘भूखंड’, ‘रस्ता’, ‘काठ’, ‘बांधकाम’ या शब्दांचे अर्थ दोन ठिकाणी वेगळे निघण्याची शक्यता मोठी आहे, आणि वकिलांना नेमकी तीच फट सापडते. व्याख्यांचे एकच प्रकरण दोन्हींना लागू करावे.

प्रश्न : आमच्या नियमांत पाण्यापासून ३० फुटांचे अंतर आहे. काही जण ७५ फूट मागतात, काही १००. योग्य अंतर किती? शिवाय तलावाची पातळी वर्षभर वर-खाली होत असते, मग मोजायचे कुठून?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला नाही तर पहिल्याला अर्थच राहत नाही. अंतर ‘पाण्यापासून’ मोजायचे असे लिहिले, तर उन्हाळ्यात मोजणारा मालक आणि पावसाळ्यात मोजणारा निरीक्षक यांचे कधीच जमणार नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अंतर नेहमीच्या उच्च जलरेषेपासून, म्हणजे पाण्याच्या सततच्या वावरामुळे काठावर माती, खडक आणि वनस्पती यांवर जी स्पष्ट खूण उमटते तिच्यापासून मोजतात. भारतात अधिसूचित पाणथळ क्षेत्रांसाठी २०१७ च्या नियमांनी १० वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत कायमस्वरूपी बांधकामास मनाई केली आहे. पद्धत कोणतीही घ्या, पण ती रेषा मोजणीदाराकडून एकदाच निश्चित करून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत नोंदवावी आणि नियमात तो आकडा छापावा.

आता अंतर. विस्कॉन्सिनमध्ये ते किमान ७५ फूट आहे. व्हरमाँट राज्यात २०१४ पासून १० एकरांहून मोठ्या तलावांच्या काठी नव्या बांधकामाने सर्वसाधारणपणे १०० फूट मागे राहावे लागते. मिनेसोटाची पद्धत मला अधिक शहाणी वाटते. तिथे तलावांची तीन वर्गांत विभागणी करून, मलवाहिनी नसलेल्या भूखंडांसाठी नैसर्गिक स्थितीतील तलावांना १५०, करमणुकीच्या तलावांना १०० आणि आधीच दाट वस्ती झालेल्या तलावांना ७५ फूट असे किमान अंतर ठरवले आहे. एकाच नगराच्या हद्दीत दाट वस्तीचा आणि अस्पर्श असा दोन्ही प्रकारचा काठ असेल, तर एकच आकडा सगळीकडे लावण्याचा आग्रह धरू नये.

मात्र निव्वळ अंतराने पाणी वाचत नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १९७३ मध्ये सुरू झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात शास्त्रज्ञांनी एक तलाव पडदा लावून दोन भागांत विभागला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, पण फॉस्फरस एकाच भागात घातला. हिरवट शेवाळाचा थर त्याच भागात माजला. गोड्या पाण्याच्या तलावात फॉस्फरस किती निर्णायक ठरतो हे त्या प्रयोगाने दाखवून दिले, आणि हा फॉस्फरस काठावरून मुख्यतः मातीबरोबर, खतांबरोबर आणि सांडपाण्यातून येतो. घर १०० फूट मागे असले आणि मधली सगळी जागा खत घातलेली, कापून साफ ठेवलेली हिरवळ असली, तर ते अंतर केवळ शोभेचे. म्हणून अंतराच्या नियमासोबत दोन गोष्टी असाव्यात. एक, काठाला लागून झाडाझुडपांचा न तोडायचा पट्टा. विस्कॉन्सिनमध्ये तो ३५ फुटांचा असून पाण्याकडे जाण्यासाठी आणि दृश्यासाठी त्यातून मर्यादित रुंदीची वाट ठेवता येते. दोन, पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाची, म्हणजे छप्पर, फरशी आणि पक्क्या वाटा यांची मर्यादा. काठालगतच्या पट्ट्यात मिनेसोटात ती भूखंडाच्या २५ टक्के आणि व्हरमाँटमध्ये २० टक्के आहे.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. वरचा कायदा काय परवानगी देतो हे आधी पाहावे. विस्कॉन्सिनमध्येच २०१५ च्या कायद्याने काउंटींना, म्हणजे तिथल्या जिल्हा पातळीवरील स्थानिक शासनांना, राज्याच्या मानकांहून कडक अट घालण्यास बंदी केली, त्यामुळे अनेकांना आपले अधिक कडक नियम गुंडाळावे लागले. आणि अंतर वाढवायचे तर ते नियमबदलाच्या पूर्ण प्रक्रियेतूनच वाढवावे. बेंगळुरूच्या तलावांभोवतीचा पट्टा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ७५ मीटरपर्यंत वाढवला होता. मंजूर विकास योजनेतील तरतूद न्यायाधिकरणाला अशी बदलता येत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. हेतू चांगला असूनही मार्ग चुकला की काय होते, ते यात दिसते.

प्रश्न : तलावालगत आमचा वडिलोपार्जित लहान भूखंड आहे. नव्या मसुद्यात किमान क्षेत्रफळ त्याच्या दुप्पट आहे. आमचा भूखंड वाया जाणार का? शेजारचा भूखंडही कुटुंबातच आहे.

उत्तर : नियम बदलण्यापूर्वी कायदेशीरपणे अस्तित्वात असलेला आणि नोंदलेला लहान भूखंड बहुतेक ठिकाणी बांधकामयोग्य मानला जातो, मात्र पाण्यापासूनचे अंतर आणि सांडपाण्याची सोय या अटी त्याला पाळाव्या लागतात. तुमच्या नगराच्या मसुद्यात असे कलम आहे का, हे आधी पाहा. नसेल तर हरकतींच्या मुदतीत लेखी मागणी करा.

नियमाशी विसंगत भूखंड, विसंगत इमारत आणि विसंगत वापर या तीन वेगळ्या बाबी आहेत, आणि घाईत लिहिलेले मसुदे त्या एकाच कलमात कोंबतात. पाण्याला खेटून उभ्या असलेल्या जुन्या घराची दुरुस्ती करता येईल का, ते मागच्या बाजूला वाढवता येईल का, आणि आगीत नष्ट झाले तर त्याच जागी पुन्हा बांधता येईल का, या तीन प्रश्नांची तीन स्पष्ट उत्तरे मसुद्यात असलीच पाहिजेत. विमा कंपनी आणि कर्ज देणारी बँक नेमके तिसरे उत्तर विचारतात.

शेजारच्या भूखंडाचा मुद्दा नाजूक आहे. लगतचे दोन लहान भूखंड एकाच मालकाचे असतील तर ते एकच समजावेत, असा नियम अनेक ठिकाणी असतो. विस्कॉन्सिनमधील सेंट क्रॉय नदीकाठच्या अशाच दोन भूखंडांचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मालकांना एक भूखंड स्वतंत्रपणे विकायचा होता आणि तो विकता न येणे म्हणजे भरपाई न देता मालमत्ता हिरावणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने २०१७ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला की दोन्ही भूखंड मिळून एकच मालमत्ता धरावी, आणि तसे धरल्यावर मालकांचे म्हणणे टिकले नाही. तेव्हा तुमचे दोन्ही भूखंड एकाच नावावर आहेत की वेगळ्या, हे आजच कागदपत्रांत पाहा. पण केवळ नियम टाळण्यासाठी घाईने नावबदल करू नका. नियमात बहुधा एक ठरलेली तारीख असते आणि त्यानंतरची हस्तांतरणे विचारात घेतली जात नाहीत. या टप्प्यावर स्थानिक वकिलाचा खर्च वाया जात नाही.

प्रश्न : तलावापासून आत असलेल्या शेतजमिनीवर ४० भूखंडांची वसाहत येत आहे. विकासकाने काठावरचा एकच अरुंद भूखंड विकत घेतला असून तो सर्व ४० घरांना ‘सामाईक तलावप्रवेश’ म्हणून देणार आहे. याला हरकत घेता येते का?

उत्तर : हा जुना प्रकार आहे. एका भूखंडाच्या काठावरून चाळीस कुटुंबांच्या होड्या, धक्के आणि गाड्या उतरतात, आणि क्षेत्रविभागणीच्या नियमांना ते दिसतही नाही, कारण काठावरच्या त्या भूखंडावर बांधकाम असे काहीच नसते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, जिथे लहान तलाव पुष्कळ आहेत, अनेक टाउनशिपांनी, म्हणजे तिथल्या लहान स्थानिक शासनांनी, हा प्रकार थेट नियमात पकडला आहे. उपाय असा की काठाची किमान रुंदी घराच्या भूखंडापुरती न ठेवता प्रवेशाचा हक्क मिळणाऱ्या प्रत्येक कुटुंबामागे मोजावी. काठावरच्या एका घराला १०० फूट लागत असतील, तर दहा घरांच्या सामाईक प्रवेशाला किती लागतील याचे सूत्र नियमातच असावे. ते दहापट असण्याची गरज नाही, पण शून्यही असू नये. ‘प्रवेश’ या शब्दाच्या व्याख्येत मालकी, भाडेपट्टा, वहिवाटीचा हक्क आणि क्लबचे सदस्यत्व हे सगळे आले पाहिजे. नाहीतर वसाहत एका नावाने नाकारली जाते आणि दुसऱ्या नावाने परत येते. होड्या बांधण्याच्या जागांची संख्याही स्वतंत्रपणे ठरवावी.

अशा नियमाशिवाय हरकत घेणे कठीण असते. भावना कितीही तीव्र असल्या तरी समितीला अर्ज लागू नियमांवरच तपासावा लागतो. तरीही वाहतूक, पार्किंग आणि काठाची धूप या मुद्द्यांवर पोटविभाजनाच्या मंजुरीत अटी घालून घेण्याची मागणी तुम्ही करू शकता.

विकासकाला सरळ नकार देण्याऐवजी एक पर्यायही समोर ठेवता येतो. घरे कमी जागेत एकत्र बांधून उरलेली जमीन, विशेषतः ओढ्याकाठची आणि उताराची, कायमस्वरूपी मोकळी ठेवण्याच्या बदल्यात लहान भूखंडांना परवानगी द्यायची. यात रस्त्याची लांबी घटते, म्हणून विकासकाचाही खर्च वाचतो. मोकळ्या जमिनीची मालकी आणि देखभाल कोणाकडे, हे मंजुरीच्या वेळीच लिहून घेतले नाही तर मात्र काही वर्षांत तिथेही भूखंड मागितले जातात.

प्रश्न : सुटीत भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर क्षेत्रविभागणीतून बंदी घालावी का?

उत्तर : सरसकट बंदीपेक्षा वार्षिक परवाना मला अधिक व्यवहार्य वाटतो. परवाना रद्द करता येतो. क्षेत्रविभागणीतून एकदा मिळालेली वापराची मुभा काढून घेणे फार कठीण. किती माणसे राहू शकतात याची मर्यादा सेप्टिक टाकीच्या क्षमतेवरून ठरवावी, खाटांच्या संख्येवरून नव्हे.

प्रश्न : आमच्या नगराने मसुदा तयार होत असल्याचे जाहीर करताच जुन्या नियमांखाली भूखंड पाडण्याच्या अर्जांची रांग लागली. नियम लागू होईपर्यंत वाचवण्यासारखे काही उरणारच नाही, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर : भीती रास्त आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात तर कायद्यानेच असे संरक्षण आहे की भूखंडांचा आराखडा रीतसर दाखल होऊन पुढे मंजूर झाला, तर मंजुरीपासून ८ वर्षे त्या जमिनीला दाखल केल्या दिवशीचीच क्षेत्रविभागणी लागू राहते. तिथे चर्चेची नुसती कुणकुण लागताच आराखडे दाखल होतात, आणि मालकांच्या दृष्टीने ते बेकायदाही नाही.

तुमच्या कायद्यात परवानगी असेल, तर मर्यादित मुदतीची स्थगिती हा एक मार्ग आहे. ती सहा महिने ते एक वर्ष अशा ठरावीक काळासाठी, फक्त नव्या पोटविभाजनांपुरती आणि लेखी कारणांसह असावी. मुदत नसलेली स्थगिती न्यायालयात टिकणे अवघड असते आणि सामान्य माणसाची घरदुरुस्तीही अडकवते. त्याबरोबर ‘पूर्ण अर्ज’ कशाला म्हणावे हे ठरवावे. मोजणी, मातीची चाचणी आणि पावसाच्या पाण्याचा आराखडा नसलेला, केवळ तारीख पकडण्यासाठी दिलेला एक कागद हा अर्ज धरू नये. मंजुरीलाही मुदत असावी, म्हणजे रस्ता आणि गटारे ठराविक काळात बांधली गेली नाहीत तर आराखडा आपोआप रद्द व्हावा.

सुनावणीविषयी एक गोष्ट तलावकाठच्या नगरांत हमखास सुटते. काठावरचे बरेच मालक तिथे वर्षभर राहत नाहीत. सूचना केवळ कार्यालयाच्या फलकावर आणि स्थानिक वृत्तपत्रात लावली आणि सुनावणी हंगाम संपल्यावर ठेवली, तर ज्यांच्या जमिनीवर सर्वाधिक परिणाम होणार त्यांना ती कळतच नाही, आणि नंतर ते सगळी प्रक्रियाच आव्हानित करतात. करपावतीवर असलेल्या पत्त्यावर प्रत्येक मालकाला टपालाने सूचना पाठवावी, तिच्यात त्याच्याच भूखंडाला लागू होणारी जुनी आणि नवी अट शेजारी शेजारी द्यावी, आणि एक सुनावणी तरी हंगामात, सुटीच्या दिवशी घ्यावी.